अंगठ्याला स्वतःची नाडी असते

सगळ्यांना नमस्कार. सुनंदाकाकी, मेघाताई, डॉक्टर मॅडम, सोसायटीची मंडळी, आणि कामोठ्याहून, ओव्याहून आलेले आमचे पेशंट. पेशंटच म्हणते, रागावू नका. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना मी चेहऱ्यापेक्षा हातावरून जास्त ओळखते. कुणाची शीर लगेच सापडते आणि कुणाची लपून बसते, ते मला पाठ आहे.

मला भाषण येत नाही. मेघाताई म्हणाली, "तूच बोल, बाबांना आवडेल." मी म्हटलं, ताई, मी रक्त काढते, भाषणं नाही करत. ती म्हणाली, "मग थोडंसंच काढ." आता ही त्यांचीच मुलगी, अशा वेळीही असंच बोलणार. तेव्हा मध्येच अडले तर मी थांबेन. तुम्ही पण थांबा.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी प्रणाली. माहेर ओवे, सासर कामोठे गाव. इथे नवीन पनवेलला डॉक्टर मॅडमच्या लॅबमध्ये तेरा वर्षं सावंतकाकांच्या हाताखाली काम करते. करत होते. बघा, ते 'होते' अजून तोंडात बसत नाही.

काका मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात टेक्निशियन होते. रिटायर झाले, या सोसायटीत राहायला आले आणि एका महिन्यात कंटाळले. काकी सांगतात, घरात बसून डाळीच्या डब्यांना लेबलं लावायला लागले होते. मग खाली मॅडमची लॅब निघाली आणि काकींची सुटका झाली.

मंगळवारी दुपारी काका गेले. त्या दुपारी माझ्या हातून एक चूक झाली. खरं सांगायचं तर ती सांगायलाच मी उभी राहिलेय. पण ती चूक कळायला आधीच्या दोन चुका सांगायला लागतील. म्हणून जरा वेळ घेते.

काका तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. रक्त काढताना गप्प बसतील ते काका कसले? कुणी म्हणालं, "काका, शिरा निळ्या दिसतात, म्हणजे आत रक्त निळं असतं ना?" की ते नळी उजेडात धरायचे. "बघा. निळं आहे? निळं निघालं असतं तर मी कपडे रंगवायचा धंदा नसता काढला?" कुणी म्हणालं, "रक्त काळपट आहे, खराब झालंय का?" तर त्यांना राग यायचा. शाळेत आपण सगळे शिकलो ना, शुद्ध रक्त, अशुद्ध रक्त? त्या शब्दावर त्यांचा फार राग. म्हणायचे, "अशुद्ध काय अशुद्ध! सगळ्या अंगाला प्राणवायू वाटून ते परत निघालंय. कामावरून घरी येणाऱ्या माणसाला तुम्ही अशुद्ध म्हणता का?"

बीट आणि डाळिंबाचं तर विचारूच नका. "लाल खाल्लं म्हणून लाल रक्त होत असेल तर पालक खाऊन हिरवं होईल. पालकच खा तुम्ही, त्यात काहीतरी आहे तरी." आणि आमच्या कामोठ्याच्या एक मावशी होत्या. त्यांचं रक्त काढलं, तपासणी झाली, रिपोर्ट दिला, तरी बाकावरून उठेनात. काकांनी विचारलं, काय राहिलं मावशी? त्या म्हणाल्या, "तपासून झाला ना? उरला त्ये परत घाला की." मी तोंडावर रुमाल धरून आत पळाले. काका मात्र हसले नाहीत. मावशींच्या शेजारी बसून त्यांनी सांगितलं, की हे दोन चमचेसुद्धा नाही, आणि शरीर नवं रक्त रोज करत असतं, तुम्ही झोपलात तरी करतं. मावशी म्हणाल्या, "मंग बरा." आणि गेल्या.

मी त्यांना विचारलं होतं, काका, एवढं कशाला सांगत बसता? लोकांची समजूत असते ती असते. ते म्हणाले, "चुकीची समजूत फुकट नसते गं. कुणीतरी तिची किंमत मोजत असतं, आणि बहुतेक वेळा ज्याची समजूत असते तो मोजत नाही."

तेव्हा मला हे वाक्य नुसतं भारी वाटलं. महिन्याभरात किंमत मोजायची पाळी माझ्यावर आली.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करायचे, बाकी काही येत नव्हतं. कामोठ्याचं स्थळ आलं. मुलगा कंटेनर यार्डात सुपरवायझर. तो बघा, तिकडे खांबाला टेकून उभा आहे, संदेश. बघायला आले तेव्हा पोहे खाताना त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं, पण बरोबर बघितलं. मला तो आवडला. सरळ सांगते, मला तो फार आवडला.

सगळं जुळलं. मान-पान जुळलं, जागा-जमीन दोन्हीकडे होती. मग त्यांच्याकडून निरोप आला, मुलीच्या बायोडाट्यात रक्तगट रिकामा आहे, रिपोर्ट पाठवा. मुलाचा बी पॉझिटिव्ह आहे. मुलीचा तोच निघाला तर जमणार नाही.

हसू नका. तुमच्यापैकी किती जणांनी हे ऐकलंय? हात वर करा. बघा, बघा. आणि तुमच्यापैकी किती जणांनी बायोडाट्यात तो रकाना भरलाय? आधी पत्रिका बघायचे, आता पत्रिकेच्या खाली रक्तगट बघतात. नवरा-बायकोचा एकच गट असला की मूल होत नाही, झालं तर अपंग होतं. कुणी सांगितलं? कुणीच नाही. सगळ्यांना माहीत असतं.

काकांनीच माझी टेस्ट केली. बी पॉझिटिव्ह.

आता आमच्या लॅबची एक पद्धत सांगते. रिपोर्टवर सही मॅडम करतात. पण काकांनी वाचल्याशिवाय एकही कागद मॅडमकडे जायचा नाही. समोर तपासणीची वही ठेवायचे, रिपोर्टवर बोट ठेवायचे आणि मोठ्याने वाचायचे. नाव, वय, आकडा. रोजचे साठ-सत्तर रिपोर्ट. शाळेतल्या मुलासारखे, बोट फिरवत. आम्ही त्यांची नक्कलसुद्धा करायचो.

मी माझा रिपोर्ट टाईप केला. ए पॉझिटिव्ह. आणि गठ्ठ्याच्या मध्ये घातला.

हो, मी केलं ते. मॅडम, तुम्हाला हे आज पहिल्यांदा कळतंय. सॉरी मॅडम.

काका वाचत वाचत माझ्यापर्यंत आले. बोट थांबलं. म्हणाले, "प्रणाली, हे टायपिंगमध्ये चुकलंय. नीट करून आण." बस एवढंच. मी कागद घेऊन गेले, कॉम्प्युटरसमोर बसले, आणि पुन्हा ए पॉझिटिव्ह टाईप करून घेऊन आले.

दुसऱ्यांदा ते वाचलं आणि त्यांनी दार लावलं. म्हणाले, "बस." मी रडायलाच लागले. म्हटलं, काका, एकच अक्षर आहे. कुणाचं काय जातंय? उद्या मला रक्त लागलं तर हॉस्पिटलवाले परत तपासणारच आहेत. तुम्हीच शिकवलंत ना, कार्डावर विश्वास ठेवत नाहीत, बाटली लावायच्या आधी पुन्हा जुळवून बघतात?

काका म्हणाले, "बरोबर आहे. या अक्षराने कुणी मरणार नाही." मला वाटलं, विरघळले. मग म्हणाले, "पण तू हे लिहून दिलंस तर त्यांची समजूत खरी ठरते. उद्या तुला मुलं होतील, धडधाकट होतील, आणि ते सगळ्या गावाला सांगतील, बघा, आम्ही गट वेगळा बघून केलं म्हणून. मग तुझ्या मागून येणाऱ्या मुलींचं काय?"

मागून येणाऱ्या मुली! मला माझं पडलं होतं. मी भयंकर चिडले. माझ्या तोंडाला तसंही कुलूप नाही, ओव्यात विचारा कुणालाही. मी म्हटलं, "तुमच्या मेघाचं असतं तर बदललं असतंत."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी पर्स घेतली आणि घरी गेले. चार दिवस कामावर गेले नाही. कामोठ्यालाही काही कळवलं नाही. आई विचारायची, रिपोर्ट कुठाय? मी म्हणायचे, मशीन बिघडलंय.

पाचवा दिवस रविवार. सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली. काका उतरले, हातात त्यांचा तो निळा डबा, ज्यातून ते घरोघरी सँपल आणायचे. माझ्या बाबांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "रिपोर्ट तुझा आहे. तुझ्या परवानगीशिवाय मी कुणाला सांगणार नाही. पण परवानगी दिलीस तर कामोठ्याला जाऊन खरं सांगून येतो." मी म्हटलं, "सांगा. मोडलंच आहे तसं पण." ते म्हणाले, "मग चल."

मुलगी कधी स्वतःचं लग्न मोडायला रिक्षातून जाते का? मी गेले. पुढे बाबा, मागे मी, काका आणि मध्ये निळा डबा.

कामोठ्याला ओट्यावर सगळं घर जमलं. आमच्याकडे घर म्हणजे पंचवीस माणसं. मध्ये खाटेवर आजी, म्हणजे माझ्या आजेसासूबाई. त्या आज पुढच्या रांगेत बसल्यात. आजी, तुमचं नाव घेतेय हां. सांगू ना? मान हलवली. सांगते.

काकांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. मुलीचा गट बी पॉझिटिव्ह. आजींनी कपाळाला हात लावला. "झाला! एका रगताची दोगां घरान आली तर पोरां नाय जगत. आमी काय येडी हाव?"

काकांनी वाद घातला नाही. चहा मागितला. चहा पिता पिता आजींना विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती. आजींनी ऐटीत सांगितलं, सात. मग काका म्हणाले, "तुमचा गट कोणता? आणि आजोबांचा?" आजी म्हणाल्या, "आमच्या टायमाला कोन बगत व्हता?" काका म्हणाले, "आता बघू या?" आणि डबा उघडला.

आजोबा तेव्हा होते. त्यांनी आनंदाने बोट पुढे केलं. आजींनी डोळे मिटून दिलं, देवीचं नाव घेत. काकांनी पांढऱ्या टाईलवर थेंब ठेवले. निळ्या बाटलीतला एक, तो ए-साठी, पिवळ्या बाटलीतला एक, तो बी-साठी, आणि एक बिनरंगाचा, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघायला. ज्या थेंबात रक्त रवाळ होतं तो तुमचा गट. सगळी पोरंटोरं वाकून बघायला लागली.

आजोबा बी निघाले. आजी ओ निघाल्या.

म्हणजे दोघांचे गट वेगळे. आजींनी काय टाळी वाजवली म्हणता! "बग! बोलली ना मी! येगला हाय म्हनून सात झाली!"

मी काकांकडे बघितलं. ते शांतपणे टाईल पुसत होते. म्हणाले, "अजून कुणाला बघायचंय?"

आणि तेव्हा माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. हात पदराला पुसला आणि बोट पुढे केलं. म्हणाल्या, "माजा बगा. मना या घरान कदी कोनी काय इचारला नाय." काकांनी त्यांचं रक्त घेतलं. मग सासऱ्यांना म्हणाले, "तुम्ही पण या."

पिवळ्या थेंबात दोघांचंही रवाळ झालं. निळ्यात कुणाचंच नाही. बिनरंगाच्यात दोघांचंही. सासूबाई बी पॉझिटिव्ह. सासरे बी पॉझिटिव्ह. आणि त्यांचा मुलगा तिथेच दाराशी उभा. पाच फूट अकरा इंच, कबड्डीचा खेळाडू.

आजींनी टाईल डोळ्यांजवळ नेली. एकदा सुनेकडे बघितलं, एकदा मुलाकडे, मग नातवाकडे. आणि म्हणाल्या, "मंग यो कसा झाला?"

त्या दिवशी कामोठ्यात जे हसले लोक! आजोबांना तर ठसका लागला. आजीसुद्धा हसल्या. मग काकांनी समजावलं. गट सारखा असण्याने मुलाला काही होत नाही. बघायचं असेल तर एवढंच बघा, आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह आहे का. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, वेळेवर इंजेक्शन घ्या, आणि सुखाने संसार करा. लग्न मोडायचं कारण तेही नाही.

येताना रिक्षात मी विचारलं, काका, कुणाचंच जुळलं नसतं तर? ते म्हणाले, "पंचवीस माणसं होती. आपल्याकडे बी गट भरपूर. कुठली तरी जोडी निघालीच असती. नाहीतर संध्याकाळपर्यंत टोचत बसलो असतो." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आणि मेघाचं असतं तरी बदललं नसतं. पण रडलो असतो तुझ्याएवढाच." मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाले, रिक्षात नको, डबा सांडेल.

लग्नानंतर त्यांनीच मागे लागून मला टेक्निशियनचा कोर्स करायला लावला. मला पहिल्यांदा नाडी बघायला शिकवली ती त्यांच्याच मनगटावर. मी अंगठा ठेवला. त्यांनी तो उचलून बाजूला केला. म्हणाले, "अंगठा नको. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. दुसऱ्याची मोजतोय असं वाटतं आणि आपण आपलीच मोजत बसतो. तीन बोटं ठेव. अलगद." हे मी किती पोरींना शिकवलं असेल नंतर. इथे चौघी-पाचजणी बसल्यात.

आता मंगळवार.

दुपारी काकींचा फोन आला. काका जेवून आडवे झालेत आणि हाक मारली तर ओ देत नाहीत. मॅडमना फोन लावून मी धावत सुटले. जिना चढून वर आले. काका कुशीवर झोपले होते, चष्मा उशाशी. मी मनगट धरलं.

आणि लागली नाडी! अहो, स्पष्ट लागली. जोरात, भराभर. मी ओरडले, "काकी, लागतेय! काकी, आहेत!" काकींनी हात जोडले. तो चेहरा मी विसरणार नाही. मी मनगट सोडायला तयार नव्हते. मी मोजत होते. मोठ्याने मोजत होते.

मग मॅडम आल्या. त्यांनी काकांना तपासलं. माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "प्रणाली, अंगठा आहे तुझा."

तेरा वर्षं. तेरा वर्षं शिकलेली मी, आणि धावत आलेल्या माझ्याच काळजाचे ठोके काकांचे म्हणून मोजत होते. काकींना ओरडून सांगत होते. तो माझा तिसरा चुकीचा रिपोर्ट. पहिल्या दोन वेळी मला माहीत होतं की मी खोटं लिहितेय. या वेळी मला मनापासून खरं वाटत होतं. तेव्हा मला आजी आठवल्या, मावशी आठवल्या. त्यांनाही असंच वाटत असणार. माणूस हवं ते धरून बसतो, आणि धरलेलं किती खरं लागतं हाताला!

दुसऱ्या दिवशी मी काकींची माफी मागायला गेले. म्हटलं, काकी, मी तुम्हाला खोटी आशा लावली. काकींनी मला जवळ बसवलं. मग म्हणाल्या, "राहू दे गं. एक मिनिट तरी जास्त मिळाले मला ते." काकी, तुमचं मन मोठं आहे. पण काका असते तर त्यांनी बोट ठेवून वाचलं असतं आणि म्हणाले असते, चुकलंय, नीट करून आण.

म्हणून नीट करते. आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहणार आहोत. नुसते हात बांधून उभे राहू नका. तुमच्या शेजारी जो कुणी असेल, ओळखीचा असो, नसो, त्याचं मनगट हातात घ्या. अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या आत. तीन बोटं ठेवा. अलगद. अंगठा नको. म्हणजे जी लागेल ती खरोखर त्याची असेल. आजी, तुम्ही काकींचं धरा. हां, तिथेच. संदेश, आईंचं धर.

मी इथे माईकजवळ एकटीच आहे. मी माझंच धरते.

काका, बोटं नीट ठेवलीत. नमस्कार करते.

उभे राहू या.